ओल्या रानात चारा तहानलेला का राहतो?

जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या काळ्या रानात हे चित्र नवं नाही. वरच्या अंगाला मका डोक्याएवढा, तर खालच्या खोलगट तुकड्यात गुडघ्यालाच थांबलेला, पानांचे शेंडे करपलेले. उन्हाळ्यात तिथंच पांढरा थर फुटतो. चारा वाढेना म्हटलं की आपला हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो. पण अडचण खताची नसतेच, पाण्याची असते.

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, हे घरोघरी माहीत आहे. मुळाभोवती क्षार साचले की असंच होतं. रान ओलं असूनही मुळाला पाणी ओढता येत नाही. पुढं सोडियम आणि क्लोराइड पानात साठतं, कडा जळतात. सोडियम जास्त झाला की पालाशही कमी उचलला जातो. फुटवे कमी, पात अरुंद, कापणी लांबलेली. सगळ्यात नाजूक वेळ उगवणीची. बी फुगतच नाही आणि तुटाळ पडते.

काळी माती पाणी लवकर खाली सोडत नाही. पाटपाणी मोकळं दिलं की भूजल वर येतं, उन्हानं पाणी उडतं आणि क्षार मागं राहतात. खारट बोअरचं पाणी त्यात भरच घालतं.

सगळी चारापिकं मात्र सारखी नाहीत. मातीची क्षारता विद्युत वाहकतेवरून मोजतात, एकक डेसीसायमन प्रति मीटर. साधारण १.८ च्या पुढं मक्याचं आणि २ च्या पुढं लसूण घासाचं उत्पादन घटू लागतं. ज्वारी ६.८ पर्यंत तग धरते, पण त्यापुढं झपाट्यानं खाली येते. हराळी ६.९ पर्यंत बिनघोर. जी उपटता उपटता पिढ्या गेल्या, तीच इथं सगळ्यांत चिवट! चिबड, पाणी धरणाऱ्या तुकड्यात पॅरा गवत चालतं. तिथं मक्यासाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी. हे आकडे संपृक्त मातीच्या अर्काचे आहेत. आपल्याकडच्या माती परीक्षणात बहुधा जास्त पाणी घालून मोजतात, त्यामुळं अहवालातला आकडा कमी दिसतो. 'एकच आलाय, म्हणजे रान चांगलं' असं समजू नका. कोणत्या पद्धतीनं मोजलं ते प्रयोगशाळेत विचारा. चांगल्या आणि खराब तुकड्याचे नमुने वेगवेगळे द्या.

सामूही तपासून घ्या. गावात सगळ्यालाच 'खारपड' म्हणतात, पण उपाय दोन. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त, म्हणजे चोपण जमीन. तिथं जिप्सम लागतं, धैंचा गाडला की मदत होते. नुसते क्षार जास्त असतील तर जिप्समनं काही होत नाही. तिथं चर काढून, गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढावे लागतात. चर नसेल तर धुतलेले क्षार खालच्या शेजाऱ्याच्या रानात किंवा पुन्हा आपल्याच मुळाशी येतात.