माड, माती आणि सोडणं
कोकणातल्या वाडीत माडाला शिंपणं नेमाने होते. खताची आठवण मात्र नारळ कमी उतरले की होते. तोवर उशीर झालेला असतो. आज उमलणारी पोय शेंड्याच्या पोटात अडीच-तीन वर्षांपूर्वीच धरलेली असते. पुढे फुलाचा पक्व नारळ व्हायला ११-१२ महिने लागतात. म्हणजे आज पाडलेला नारळ साडेतीन वर्षांपलीकडच्या मातीपासूनचा हिशेब सांगतो.

ही माती मुळात उदार नाही. जांभ्याची आम्लधर्मी, किनाऱ्याची पुळणीची. पावसाळ्यात नत्र आणि पालाश दोन्ही धुपून जातात. सेंद्रिय खताचे काम इथे केवळ अन्न पुरवण्याचे नाही. पाणी आणि अन्न मुळांपाशी धरून ठेवण्याचेही आहे.

माडाला सर्वांत जास्त लागते ते पालाश, आणि नारळातल्या पालाशाचा मोठा वाटा सोडणात असतो. सोडणं विकली की वाडीचे पालाश गाडीत बसून जाते. पूर्वी सोडणं-झावळ्या न्हाणीच्या चुलीत जळत आणि राख माडाच्या बुंध्याशी पडे. पालाश परत येई. नत्र आणि सेंद्रिय अंश मात्र धुरावाटे जात. आता चूल विझली, पण झावळ्या कुंपणाशी पेटतातच आणि राखही परत येत नाही.

उपाय वाडीतच आहे. माडाला सोटमूळ नसते; कामाची बहुतेक मुळे बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. म्हणून खत बुंध्याला न चिकटवता आळ्यात पसरावे. मोठ्या माडाला पावसाच्या सुरुवातीला सुमारे ५० किलो कुजलेले शेणखत द्यावे. आळ्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडला की हवेतले नत्र मातीत येते. सोडणं पोकळ बाजू वर करून थरांनी पुरली, तर पावसाचे पाणी धरतात आणि काही वर्षे हळूहळू कुजत राहतात. झावळ्यांचे गांडूळखत होते, हे कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने दाखवले आहे.

एक सावधगिरी हवी. गेंड्या भुंगा शेणाच्या उकिरड्यातच वाढतो आणि माडाचा शेंडा पोखरतो. खत उपसताना हुमण्या वेचून माराव्यात. शेणखतात पालाश बेताचेच असते. तूट किती, हे माती तपासूनच ठरवावे.

एवढे करूनही पुढच्या वर्षी नारळ वाढले नाहीत, म्हणून खत थांबवू नये. माड उत्तर देतो, पण सावकाश.