लहान ट्रॅक्टरला ट्रॉली केवढी असावी?

निफाड तालुक्यातील लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. कांद्याच्या हंगामात तेथे सकाळी गेल्यास आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या लांबच लांब रांगा दिसतात. कांदा गोणीत न भरता मोकळाच आणलेला असतो. लिलाव ट्रॉलीपाशीच पुकारला जातो, नंतर ट्रॉली भुईकाट्यावर जाते आणि तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते. या रांगांत पूर्वी मोठेच ट्रॅक्टर असत. आता त्यांच्यामध्ये पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टरही उभे असलेले दिसतात. त्यांच्यामागील ट्रॉल्या मात्र नेहमीच लहान असतात असे नाही. कित्येकदा ट्रॅक्टर पुढे आहे की नाही, हे मागून पाहणाऱ्यास कळतही नाही.

लहान ट्रॅक्टर नाशिक जिल्ह्यात आला तो मुख्यत्वे द्राक्षबागेसाठी. वेलींच्या दोन ओळींत आठ, नऊ किंवा दहा फुटांचे अंतर, वर तारा आणि मांडव, अशा जागेत मोठा ट्रॅक्टर चालवणे अवघड. तीन-साडेतीन फूट रुंदीचा ट्रॅक्टर तेथे सहज फिरतो, औषधफवारणीचा ब्लोअर ओढतो आणि रोटाव्हेटर चालवतो. बागेचे काम संपले की तोच ट्रॅक्टर घरी उभा राहतो. मग ‘याला एक ट्रॉली जोडली तर?’ असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविकच आहे. शेणखत, कांदा, द्राक्षाचे क्रेट, बांधकामाची वाळू, सारे काही वाहता येईल. विचार योग्य आहे. चूक होते ती मापात.

फूट, ब्रास आणि किलो

ट्रॉली बनवून घ्यावयाची तर आपल्याकडे माप फुटांत सांगितले जाते, आणि माल मोजला जातो तो ब्रासने. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ही दोन्ही मापे जागा सांगतात, वजन सांगत नाहीत. ट्रॅक्टरला मात्र जागेशी कर्तव्य नाही, त्याला वजन ओढावे लागते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, थांबवावे लागते. प्रस्तुत लेखकाने एका ट्रॉलीच्या कारखान्यात पाहिलेला प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. गिऱ्हाईक लहान ट्रॅक्टरचे मालक होते. ‘लांबी आणखी फूटभर वाढवा, पत्रा तेवढाच लागेल,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. ट्रॅक्टरचे वजन किती, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि कारागिरानेही विचारला नाही.

आठ फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि दीड फूट उंच हौद्याची एक लहान ट्रॉली घेऊ. तिच्यात ५४ घनफूट माल मावतो, म्हणजे अर्ध्या ब्रासाहून किंचित अधिक. सुट्या कांद्याचे वजन ढोबळमानाने घनफुटाला १६ किलो भरते. तेव्हा फाळक्याबरोबर सपाट भरलेला कांदा सुमारे ८६५ किलो होईल. ओलसर शेणखत घनफुटाला २० किलो धरले तर १,०८० किलो. आणि वाळू? ती घनफुटाला सुमारे ४५ किलो भरते, म्हणजे त्याच ट्रॉलीत २,४३० किलो! ट्रॉली तीच, फाळकाही तोच, पण भार कांद्याच्या जवळजवळ तिप्पट. त्यातच हंगामात भाव चांगला असला की फाळक्यावर आणखी फळ्या चढवून कांद्याची शीग लावली जाते, ती वेगळीच.

आता ट्रॅक्टरकडे वळू. वीस अश्वशक्तीच्या आसपासच्या लहान ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारणपणे ६५० ते ९०० किलो असते. आपल्या उदाहरणासाठी ते ८०० किलो आणि रिकाम्या ट्रॉलीचे ४०० किलो धरू. स्वतःचे ब्रेक नसलेली ट्रॉली मालासह ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जड असू नये, असा संकेत ट्रॅक्टर बनवणाऱ्या अनेक परदेशी कंपन्यांच्या पुस्तिकांत आढळतो. त्या हिशेबाने मर्यादा १,२०० किलो ठरते, आणि त्यातून ट्रॉलीचे ४०० वजा जाता माल उरतो ८०० किलो, म्हणजे आठ क्विंटल. आपली ट्रॉली कांद्याने सपाट भरली की मर्यादा गाठून थोडी ओलांडतेच. वाळूने भरली तर ती ट्रॅक्टरच्या साडेतीनपट जड होते.

ओढणे सोपे, थांबवणे कठीण

यावर शेतकऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘आमचा ट्रॅक्टर ओढतो की!’ हे उत्तर खरे आहे, आणि धोका नेमका त्यातच आहे. सपाट डांबरी रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढण्यास फार थोडे बळ लागते. शंभर किलो वजनामागे दोन-तीन किलोचा जोर पुरतो. त्यामुळे लहान ट्रॅक्टर रस्त्यावर आपल्या ताकदीबाहेरचा भार घेऊनही सुरळीत चालतो आणि चालकाचा विश्वास वाढतो. हा विश्वास पहिल्या उतारापर्यंतच टिकतो.

ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा एकटा ट्रॅक्टर ब्रेक लावल्यावर समजा पाच मीटरांत थांबला. ट्रॉलीला ब्रेक नसतील तर तिचे वजनही ट्रॅक्टरच्याच दोन चाकांनी रोखावयाचे असते. एकूण वजन ट्रॅक्टरच्या तिप्पट झाले की थांबण्याचे अंतरही तिप्पट, म्हणजे पंधरा मीटर होते. हे सपाट रस्त्यावरचे गणित. दहा फुटांत एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर तेवढ्याच ब्रेकचा जवळजवळ सगळा जोर नुसता उतार पेलण्यातच संपतो, आणि गाडी थांबावी यासाठी काही शिल्लक राहत नाही. महामार्गावरील घाट इतके तीव्र नसतात हे खरे. तथापि शिवारातून डांबरी रस्त्यावर येणारे, ओढ्याच्या काठाने उतरणारे आणि मोऱ्यांवरून जाणारे रस्ते इतके उतरते असतात, आणि ट्रॉलीची बहुतेक ये-जा त्यांवरूनच होते. शिवाय देवळ्याकडील भावडबारी किंवा चांदवडजवळचा राहुड घाट यांसारख्या ठिकाणी उतार कमी असला तरी तो लांबवर चालू राहतो आणि ब्रेक तापतात.

उतारावर ट्रॉली मागून ढकलू लागली की ट्रॅक्टरचे मागचे चाक घसरते, जोड वाकतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय तर अक्षरशः जीवघेणी आहे. आणखी एक गोष्ट क्वचितच कोणी सांगते. शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक-पेडल वेगवेगळे असतात. रस्त्यावर येताना ती दोन्ही पेडले खिटीने एकत्र जोडली पाहिजेत. ती जोडली नाहीत आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूस गर्रकन फिरतो.

चढावर याच्या उलट घडते. आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर सुमारे ५०० किलो भार असतो. कोरड्या घट्ट मातीत त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे साधारण ३०० किलोचा ओढा त्याला मिळतो. १,२०० किलोची भरलेली ट्रॉली दहाला एक अशा चढावर नेण्यास सुमारे २६० किलो लागतात, तेव्हा ती जाते. तीच १,९०० किलोची असेल तर ३६० किलोहून अधिक ओढ लागते, म्हणजे चाक जागीच फिरते. पावसाळ्यातील काळ्या मातीचा तर हिशेबच वेगळा. तेथे ओढ निम्म्यावर येते आणि लागणारा जोर तिप्पट होतो. अशा वेळी ट्रॉलीचा दांडा अधिक उंचीवर, तीन-बिंदू जोडणीच्या वरच्या दांडीला बांधून पाहण्याचा मोह काही जण आवरू शकत नाहीत. त्याने ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते व तो चालकासह मागे उलटतो. ट्रॉलीची जागा ट्रॅक्टरच्या खालच्या पक्क्या हुकावरच, आणि पिनीला साखळी किंवा खिळ असलीच पाहिजे.

मालाप्रमाणे ट्रॉली

द्राक्षासाठी ट्रॉली घेणाऱ्याने उंच फाळक्याच्या मोहात पडू नये. वीस किलो मालाचे क्रेट रचावयाचे असतात आणि धक्का बसला की मणी सुटतात. येथे तळ रुंद, उंची कमी आणि ॲक्सलला पाटे असलेली ट्रॉली उपयोगी पडते. क्रेटच्या वजनासह चाळीस क्रेट म्हणजे नऊ क्विंटलच्या आतबाहेर, तेव्हा पस्तीसवर थांबणे बरे. कांद्यासाठी थोडा उंच फाळका चालतो. हायड्रोलिकवर उलटणारी ट्रॉली सोयीची खरी, परंतु जॅक आणि दुहेरी सांगाडा यांचे वजन मालाच्या वाट्यातून जाते. लहान ट्रॅक्टरच्या मालकाने हा सौदा विचारपूर्वक करावा.

ग्रामपंचायतींनी मात्र पाण्याच्या टँकरबाबत विशेष सावध राहावे. येवला, सिन्नर, नांदगाव या भागांत उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागे टँकर जोडून पाणी पुरवण्याचे प्रसंग येतात. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसते पाणीच पाच टन. लहान ट्रॅक्टरने तो ओढावयाचा प्रश्नच नाही. ‘अर्धाच भरून नेऊ’ हा उपायही फसवा, कारण अर्ध्या टाकीतील पाणी वळणावर हेलकावते आणि भार एका बाजूस फेकते. लहान ट्रॅक्टरसाठी पाचशे-सातशे लिटरची, आत आडव्या पत्र्यांनी कप्पे केलेली टाकीच योग्य.

ट्रॅक्टरच ट्रॉलीतून न्यावयाचा झाल्यास

भाड्याने अवजारे देणारे गट लहान ट्रॅक्टर दुसऱ्या गावी नेताना तो मोठ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवतात. येथेही हिशेब तोच. ८०० किलोचा ट्रॅक्टर आणि २०० किलोचा रोटाव्हेटर मिळून एक टन होतो. पन्नास अश्वशक्तीच्या, दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे हा भार मुळीच जड नाही. अडचण लांबीची येते. ट्रॅक्टर आठ-साडेआठ फूट आणि मागे रोटाव्हेटर अडीच फूट, म्हणजे दहा फुटी ट्रॉलीचा फाळका लागत नाही. अवजार सोडून वेगळे ठेवावे किंवा बारा फुटी ट्रॉली घ्यावी.

दोनचाकी ट्रॉलीत भाराची जागा अधिक महत्त्वाची. ट्रॅक्टरचे बहुतेक वजन त्याच्या मागच्या चाकांवर असते. तो सरळ पुढे चालवत चढवला तर हे वजन ट्रॉलीच्या शेपटाकडे, ॲक्सलच्या मागे येते आणि दांडा वर उचलला जातो. त्याऐवजी रिव्हर्समध्ये चढवावा, म्हणजे जड बाजू पुढे येते आणि चढताना मागे उलटण्याची भीतीही कमी होते. फळ्यांवरून चढवण्यापेक्षा बांधाच्या किंवा ओट्याच्या उंचीचा उपयोग करावा. नंतर गिअर घालून, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून पुढून व मागून सांगाड्याला साखळीने बांधावे. चाकाला किंवा स्टिअरिंगला बांधलेला दोर रस्त्यात सैल होतो.

कायदा आणि भुईकाटा

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली हेही वाहनच असून तिची स्वतंत्र नोंदणी करावी लागते, नाशिक कार्यालयाकडे एमएच-१५ किंवा मालेगावकडे एमएच-४१ या मालिकेत. नोंदणीपत्रावर रिकामे वजन व भारासह वजन नमूद असते. भारमर्यादा ओलांडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ट्रॉलीतून किंवा मडगार्डवरून माणसे नेऊ नयेत, हे शिक्षकांनी मुलांना आणि पालकांना पुन्हा पुन्हा सांगावे. शाळेच्या वाटेवर ट्रॉली दिसली की धावत जाऊन मागे लटकणे हा मुलांचा आवडता खेळ असतो. मागील बाजूस लाल परावर्तक आणि दिवा नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर आणूच नये.

ट्रॅक्टर निवडताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी-अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात ट्रॅक्टरचे वजन, ओढण्याची ताकद आणि ब्रेकची चाचणी दिलेली असते. घरी ट्रॅक्टर आधीच असेल तर काम याहून सोपे आहे. कांदा विकल्यावर बाजार समितीच्या काट्याची जी पावती मिळते, तिच्यावर भरलेले आणि रिकामे अशी दोन्ही वजने असतात. मालाचा हिशेब झाला की ती पावती बहुधा फेकून दिली जाते. ती जपून ठेवावी, एकदा ट्रॅक्टर सोडवून नुसती ट्रॉली काट्यावर घालावी, आणि मर्यादेचा आकडा रंगाने फाळक्याच्या आतल्या बाजूस लिहावा. त्याखाली कांद्याची, शेणखताची आणि वाळूची रेघ किती उंचीवर येते तेही आखून ठेवावे. आपल्या उदाहरणातील ट्रॉलीत वाळूची रेघ तळापासून अवघ्या सहा इंचांवर येईल.