वर्गातले लिंबूटिंबू

लंगडी किंवा लपंडाव खेळताना एखाद्या लहान वा अशक्त मुलाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. तो खेळात असतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो बाद झाला तरी कोणी मोजत नाही. या सवलतीत माया असते हे खरे. परंतु याच्या असण्यानसण्याने डावाला काही फरक पडत नाही, असा निवाडाही तिच्यात दडलेला असतो. सर्वसाधारण शाळेत दाखल झालेल्या दिव्यांग विद्यार्थ्याची स्थिती पुष्कळदा अशीच असते. हजेरीपटावर त्याचे नाव असते. वर्गाच्या जीवनात मात्र तो गणला जात नाही.

कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. १९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेने समावेशक शिक्षणाचे तत्त्व उद्घोषित केले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तर, शासनमान्य शाळांनी या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, एवढेच नव्हे, तर खेळ व मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे सांगितले. तथापि मधल्या सुट्टीत एकट्याने डबा खाणाऱ्या मुलाला कोणतेही कलम सोबती मिळवून देऊ शकत नाही. मैत्री हुकमाने होत नाही. मग शाळेने स्वस्थ बसावे काय?

मुळीच नाही. नुसत्या सान्निध्याने मने जुळत नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परांचे सहकार्य आणि वडीलधाऱ्यांचा पाठिंबा लागतो, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच मांडले होते. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात निरनिराळ्या वंशांची मुले एका वर्गात आली आणि तंटे माजले. तेव्हा एलियट ॲरन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती योजली. पाठाचे भाग पाडून गटातील प्रत्येक मुलाला एकेकच भाग दिला. ज्याची टिंगल होत असे, त्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकल्यावाचून आता कोणाचाच पाठ पुरा होईना.

आपल्याकडचा दाखलाही बोलका आहे. दिल्लीतील अनेक खाजगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या सहवासाने श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि गरीब मुलांना कमी टाळू लागली, असे आढळले. आणि त्यात एकाच अभ्यासगटात प्रत्यक्ष काम करण्याचा वाटा मोठा होता. दारिद्र्य आणि दिव्यांगत्व या भिन्न गोष्टी असल्या, तरी दोन्हींत दुराव्याचे मूळ अपरिचयातच असते.

येथेच आपल्या शाळांची सदिच्छा चुकीच्या वाटेने जाते. एका हुशार मुलाला कायमचा ‘मदतनीस’ नेमले जाते आणि एकाने द्यावे, दुसऱ्याने घ्यावे, असे एकतर्फी नाते तयार होते. त्याला उपकार म्हणता येईल, स्नेह नव्हे. सोबतीला दिलेली मोठी व्यक्ती सतत बाकाला खेटून बसली, तर इतर मुले जवळ येतच नाहीत. याउलट अंध मुलासाठी आवाज करणारा चेंडू आणला, कर्णबधिर मुलाच्या चार खुणा साऱ्या वर्गाने शिकून घेतल्या, गोंगाटाने बावरणाऱ्या स्वमग्न मुलाला खेळाचे नियम आधी चित्रांतून समजावले, तर त्याच मुलावर गटाची खरी जबाबदारी सोपवता येते. मदत करण्याची पाळी त्याच्यावरही आली पाहिजे.

भरगच्च वर्ग, अपुरा वेळ आणि निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे यांखाली वाकलेल्या शिक्षकाला हा नवा बोजा वाटेल, आणि त्याची तक्रार अवास्तव नाही. परंतु यासाठी वेगळा तास लागत नाही. आहे तोच पाठ निराळ्या रीतीने शिकवावा लागतो. त्यासाठी लागणारे प्रशिक्षण आणि विशेष शिक्षकाचे नियमित साहाय्य पुरवणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यानेही पटावरील आकडा पाहून समाधान मानू नये. मधल्या सुट्टीत पाच मिनिटे मैदानावर उभे राहून ही मुले कोणाबरोबर आहेत, एवढे पाहावे. शाळेचा खरा अहवाल त्याला तेथेच मिळेल.