दारू जरूर सोडा, पण डॉक्टरांना विचारून



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी यांवर बोलतो. आज जरा वेगळे लिहितो.

माझ्या गटातल्या एका सभासदाने माळ घालून दारू सोडली. वीस वर्षांची रोजची सवय. "एकदम सोडा, झटक्यात सुटते," हा सल्ला माझाच. तिसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरू लागले, अंग घामाने भिजले. "उसात माणसं शिरलीत, अंथरुणात मुंग्या झाल्यात," म्हणून ओरडू लागले. घरच्यांना वाटले, बाहेरचे काही लागले. देवऋषाकडे एक दिवस गेला. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून वाचले.

मंडळी, हे भूत नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो. फिट येते, ताप चढतो, जिवावरही बेतते. अशा माणसाला कोंडू नका, बांधू नका. लगेच दवाखाना गाठा. औषधे व बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हा भ्रम उतरवता येतो.

दारू सुटून महिना झाला तरी भास, संशय राहिले, तर मनाचा आजार वेगळा असू शकतो. मग दोन्हींवर उपचार बरोबरच हवेत. घराण्यात असा आजार असेल, तर तरुण पोरांनी गांजाला शिवूच नये.

सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत फोनसेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६.

त्या वेळी हे मला सांगता आले नाही, म्हणून आज लिहिले.

– ऊस विकास अधिकारी