पुडे अंगणात, चूलही तिथेच

‘घरून काम’ कोरोनाने आणलं आणि ते लॅपटॉपवाल्यांचं, असा सर्रास समज आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या गावांत मात्र दर उन्हाळ्यात काम घरी येतं. तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसं उजाडायच्या आधी जंगलात शिरतात आणि ऊन चढता चढता पानांची ओझी घेऊन परततात. तोडणी तिकडे होते, पण उरलेलं काम अंगणात. पानं निवडायची, सारखी लावायची, 70 पानांचा पुडा बांधायचा. शंभर पुडे म्हणजे 7,000 पानं, एकेक हाताखालून गेलेली. पान सुकून वळलं की पुडा नीट बसत नाही आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं खरेदी होतात त्या ठिकाणी, माल द्यायचा असतो. म्हणून हे काम उद्यावर टाकता येत नाही. त्याच दुपारी चूल असते, पाणी असतं, कडेवर लेकरू असतं.

गैरसमज : बाई घरीच आहे, मग पोरांकडे लक्ष राहतंच.

वस्तुस्थिती : मजुरी पुड्यावर मिळते, तासावर नाही. रडणारं पोर उचललं की पुडे कमी पडतात आणि तेवढे पैसेही. 2005च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची किमान पाच मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमायचं ठरवलं. अंगणातल्या कामाला अशी सोय कोणी केली नाही.

गैरसमज : सगळं घर पुडे बांधतं, म्हणजे भार वाटला गेला.

वस्तुस्थिती : पुडे सगळे बांधतात हे खरं. आजी बांधते, सुट्टीतली पोरं बांधतात, पुरुषही बांधतात. चूल मात्र एकीचीच राहते. केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमजुरीची घरकामं करणाऱ्या बायांची दिवसाला 289 मिनिटं त्यात गेलेली दिसतात, पुरुषांची 88. आकडा देशाचा आहे, पण आपल्या घराला तो लागू नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गैरसमज : याला इलाज नाही, बाईमाणसाचं असंच चालायचं.

वस्तुस्थिती : 2006च्या वनहक्क कायद्याने तेंदूपत्त्यासारख्या गौण वनोपजावर गावाची मालकी मानली आणि गडचिरोलीत अनेक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. पैसा गावाच्या हातात आहे. तेव्हा हंगामाआधीच्या सभेत एवढं ठरवाच : दुपारी लहान पोरं गोटुलात (गावाच्या सामाईक घरात) किंवा अंगणवाडीत एकत्र ठेवायची आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाईला पुडे बांधणाऱ्याइतकीच मजुरी द्यायची.