जागचं न हलणारं बोट

'ए मायनर'वरून 'सी' कॉर्डवर जाताना तीन बोटांपैकी एकच हलतं. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आणि मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, ही दोघं तिथंच राहतात. अनामिका तेवढी तिसऱ्या तारेवरून उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची. मोबाइलवरचा शिक्षक हे मिनिटभरात दाखवतो. हाताला पटायला मात्र फार वेळ लागतो, कारण घाईत तिन्ही बोटं सुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून जागा शोधू लागतात. गिटारचे पहिले काही महिने बहुतांशी याच कामाचे: जे बोट हलायची गरज नाही, ते हलू न देणं.

दादरला वाद्यं नवी नाहीत. पेट्यांसाठी नावाजलेलं इथलं 'हरिभाऊ विश्वनाथ' 1925पासूनचं. पण इथली शिकायची रीत समोर बसून शिकण्याची; मनगट वर गेलं की बाई नाहीतर सर हात धरून खाली करणार. मी वर्गणी भरून ॲपवर शिकतो, कारण कामावरून येईपर्यंत क्लासची वेळ उलटलेली असते. असे पर्याय आता बरेच आहेत. टास्मानियात वाढलेल्या जस्टिन सँडरको यांचे धडे 2003पासून इंटरनेटवर आहेत, तेही मोफत. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीनं 2017मध्ये वर्गणीवरचे धडे सुरू केले आणि 2020च्या मार्चमध्ये, जग घरात बसलेलं असताना, नव्या शिकाऊंना ते तीन महिने फुकट दिले.

या शिकण्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय म्हणजे लय कमी करण्याची. पूर्वी तबकडी निम्म्या वेगानं फिरवली की गाणं सबंध सप्तकभर खाली उतरायचं. आता लय अर्धी करूनही सूर जागच्या जागी राहतो. दोनच कॉर्डचा तुकडा निवडायचा, तो पुन्हा पुन्हा फिरत ठेवायचा आणि ठाय लयीत वाजवायचा. सँडरको यांचा एक व्यायाम आहे: मिनिटभर घड्याळ लावून दोन कॉर्डमधली ये-जा मोजायची. साधा आहे, पण हात सुधारतोय की नाही ते त्यात लपत नाही.

ॲप ऐकतं ते फोनच्या माइकमधून. मोकळी जाड तार सेकंदाला सुमारे 82 कंपनं देते, सर्वांत बारीक तार 330. कंपनं जुळली की टिंब हिरवं होतं. खालून मिरवणूक चालली असेल तर सराव बाजूला ठेवावा. पण गोंगाटापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. तिसरी तार खरखरली, तर बोट फ्रेटपासून लांब पडलं असेल, दाब कमी असेल किंवा शेजारचं बोट तिला टेकलं असेल. कारणं तीन, उपाय तीन. पडद्यावर खूण एकच. ॲपला कान आहेत, डोळे नाहीत.

ते डोळे आपण व्हायचं. मी फोन डब्याला टेकवून डाव्या हाताचं चित्रण करतो आणि सावकाश बघतो. वाजवताना लक्ष सुरात असतं; चित्रणात मात्र अंगठा मानेवर किती वर चढलाय, करंगळी कुठे ताठरली आहे, हे स्पष्ट दिसतं. (पावसाळ्यात याआधी तारा आणि लाकूड तपासावं. दमट हवेनं तारा गंजतात, लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात आणि दोष बोटांना लागतो.)

'एफ'ला ही युक्ती पुरली नाही. तिथं तर्जनी आडवी ठेवून सहाही तारा दाबायच्या असतात, आणि चित्रणात सगळं बरोबर दिसूनही पहिल्या दोन तारा मुक्याच होत्या. शेवटी दादरमधल्याच एका गिटारच्या सरांकडे गेलो. त्यांनी माझं कोपर अंगाजवळ आणलं आणि तर्जनी अंगठ्याच्या बाजूला जराशी कलती केली. पेरांमधल्या मऊ भागाऐवजी बोटाची हाडाकडची कड तारांवर आली आणि दोन्ही तारा बोलल्या. ॲपची वर्गणी मी चालूच ठेवली आहे, रोजचा सराव तिथंच होतो. अधूनमधून सरांकडे जाऊन हात तपासून घेतो.