माशाच्या परातली वंशावळ

सुरगाणा तालुक्यातल्या केमच्या डोंगररांगेत पडणाऱ्या पावसाला दोन वाटा फुटतात. नार-पारचं पाणी पश्चिमेकडे गुजरातेत उतरून वलसाडच्या बाजूला समुद्राला मिळतं. गिरणेचं पाणी पूर्वेकडे वळतं आणि कळवण, मालेगाव करत जळगाव जिल्ह्यात तापीत जातं. माणूस घाट चढून पलीकडे उतरतो. गोड्या पाण्यातल्या माशाला ते जमत नाही. हजारो पिढ्या अशा गेल्या की दिसायला सारखे मासेही आतून वेगळे होतात. ही नोंद त्यांच्या डीएनएत राहते.

ती वाचायला मासा मारावा लागत नाही. पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मासा पाण्यात सोडायचा. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. त्यावरून जुनी घराणी कळतात. ‘मायक्रोसॅटेलाइट’ म्हणजे डीएनएत तीच ती अक्षरं ओळीने येणाऱ्या जागा. त्या लवकर बदलतात, म्हणून अलीकडचा इतिहास सांगतात. माणसाच्या पितृत्व चाचणीतही अशाच जागा तपासतात. सगळ्या माशांत त्या फारच सारख्या निघाल्या, तर कधीतरी मोजकेच मासे उरले असावेत.

हे न पाहता मासे सोडले की काय होतं, ते कावेरीत दिसलं. मुळा-मुठेतल्या महाशीराचं (आपली खडशी) वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केलं. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली त्याची पिल्लं गेल्या शतकात चांगल्या हेतूने कावेरीत सोडली गेली. तिथे ती फोफावली आणि मूळचा कुबडवाला महाशीर मागे पडला. त्याला धड शास्त्रीय नावही नव्हतं. 2018 मध्ये जनुकं जुळवल्यावर तो केरळच्या पांबार नदीतल्या ‘टॉर रेमादेवी’शी एक निघाला. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. ओळख पटली तीच अशी उशिरा.

आता सुरगाण्याकडे. नार-पारचं पाणी उचलून गिरणेत टाकणाऱ्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली. खानदेशाची तहान खरी आहे, तिच्याशी माशांचं भांडण नाही. पण पाण्याबरोबर अंडी आणि पिल्लंही पलीकडे जाऊ शकतात. एकदा मिसळण झाली की कोणता मासा कुठला, हे सांगणं अवघड होतं. म्हणून दोन्ही उतारांवरचे नमुने बांधकामाआधीच घ्यायला हवेत. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं कामच ते आहे. कोणत्या डोहात कोणता मासा, हे मात्र नदीकाठच्या पाड्यांवरच विचारावं लागेल.